नाना, माझे कान ठीक होते

नाना, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. लोक येऊन गेले, चांगलं बोलून गेले. जळगावात तुझ्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मिळणं कठीण, हे मला आधीपासून ठाऊक होतं. तो मीच निघेन असं मात्र वाटलं नव्हतं.

तू रेडिओ दुरुस्त करायचास, मी हार्मोनियमच्या पेट्या सुरात लावायचो. तुझं दुकान टपरीएवढं आणि माझं दुकान म्हणजे घरातलीच एक खोली. दोघांचा धंदा कानावर चालायचा, म्हणून आपलं जमलं असं लोक म्हणत. खरं म्हणजे आपलं जमलं ते भांडणावर. तुला रेडिओतला खालचा, भरदार आवाज आवडायचा आणि मला वरचा बारीक सूर स्वच्छ हवा असायचा. एकाच गाण्यावर आपण चहाचे तीन कप भांडलो आहोत.

माझी खोली डाळमिलच्या मागच्या भिंतीला लागून होती, हे तुला सांगायला नको. सकाळी सात वाजता मिल सुरू झाली की पत्र्याचं छप्पर थरथरायचं, आणि रेडिओवरचं शास्त्रीय गायन लागायचं तेही नेमकं त्याच वेळी. रोज सकाळी गाण्यामागचा तंबोरा नीट ऐकला की माझा कान जागेवर यायचा, मग दिवसभर पेटीच्या आतल्या, सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या घासायला हात धजायचा. बायको म्हणायची, लोक देवपूजा करतात, हे तंबोरा ऐकतात. पण मिलच्या घरघरीत तंबोरा बुडून जायचा. रेडिओ मोठा केला तर शेजारचे भिंत ठोकायचे. तेव्हा तूच म्हणालास, "कानले लावानं यंत्र आनू, गजा." गाव सोडून वीस वर्षं झाली तरी तू भडगावकडची बोली सोडली नाहीस. गिऱ्हाईक कलेक्टर कचेरीतलं असलं तरी तेच.

आपण एसटीने धुळ्याला गेलो. तिथल्या भंगारवाल्याकडे पलटणीतून बाद झालेले हेडफोन आले होते, काळे, जड, कापडी दोरीचे, ढिगाने. ढिगासमोर तू उकिडवा बसलास आणि अर्धा तास उठला नाहीस. दोरीतल्या एका तारेचं टोक किल्लीला आणि दुसरीचं तांब्याच्या पैशाला गुंडाळून दोन्ही तोंडात धरायचास, आणि कानात 'कट्ट' असा आवाज येतो का ते बघायचास. थुंकीची वीज, म्हणालास. भंगारवाला हसून हसून लाल झाला. जवळजवळ चाळीस हेडफोन तू असे चाखलेस, त्यातले दोन निवडलेस आणि म्हणालास, यांना आता कोणी नाही म्हणू शकत नाही.

हेडफोन मिळाले, पण ते नुसते रेडिओला जोडून भागणार नव्हतं. मध्ये आवाज वाढवणारं काहीतरी हवं होतं. बाजारातल्या एका मारवाडी शेटजींच्या दुकानात मुंबईहून आलेली ट्रान्झिस्टरची छोटी पेटी होती. सेलवर चालणारी, एक बटण, दोन भोकं, बस. मी कानाला लावून ऐकली आणि मला आवडली. अजूनही सांगतो, ती मला आवडली होती. तू एकदाच ऐकलीस आणि शेटजींच्या तोंडावर म्हणालास, "हाऊ तं पत्रा वाजी राह्यना."

त्यापेक्षा मीच वाल्वचं, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचं, यंत्र बनवतो, असंही म्हणालास. शेटजी रागावले नाहीत. त्यांच्याकडचा कारागीर मात्र तुला म्हणाला, "वाल्वचं बनवणार असाल तर बनवा. पण मध्ये ट्रान्सफॉर्मर घाला. वाल्वची वीज हेडफोनमधून जाऊ देऊ नका."

"मझार काहीच नको," तू म्हणालास. "वाल्वमधून सीधं कानमा. मझार जे टाकशात ते आवाज खाई जास."

परत येताना एरंडोलपर्यंत आपण भांडलो. मी म्हणत होतो, त्या माणसाचं ऐक, रोज तेच काम करतो तो. तू म्हणत होतास, धुळ्याच्या माणसाने जळगावच्या माणसाला शिकवायचं का. शेवटी मी गप्प बसलो. पटलं म्हणून नव्हे, तर तू आपला आणि तो परका, एवढ्याच कारणाने. रेडिओतल्या गोष्टीत तुझ्यापुढे मी नेहमी असाच हरत आलो. त्यात मला एक प्रकारचं सुखही होतं.

आठ दिवसांत तू यंत्र बनवलंस. बिस्किटाच्या डब्यात एकच वाल्व, आणि वर लाल अक्षरात 'हात लावू नये'. माझी बायको महिनाभर त्याच्याजवळून केर काढत नव्हती. हेडफोन कानाला घट्ट बसत नव्हते, बाजूने आवाज सांडायचा. तेव्हा तुझ्या घरी वहिनींनी जिनिंगमधला स्वच्छ कापूस भरून, जुन्या मखमली पोलक्याच्या दोन गोल गाद्या शिवल्या. त्या लावल्याबरोबर खर्जातले सूर भरून आले आणि मिल निम्मी गप्प झाली. मग तू हेडफोनचं झाकण उघडलंस. आत घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक, आणि त्यावर लोखंडाची पातळ गोल चकती. ती चुंबकाला अशी चिकटली होती की काढताना तुझं नख मोडलं. कॅलेंडरच्या कागदाची कडी कापून तू चकतीखाली घातलीस. जाड कागद घातला की आवाज मोकळा पण लहान, पातळ घातला की मोठा पण चिरका. मार्चचं पान चालेना, एप्रिलचं चाललं. आमच्या भिंतीवर त्या वर्षी एप्रिल महिना नव्हता.

पहिल्या सकाळी मी कानाला लावलं आणि गाणाऱ्या बाईंनी सूर लावायच्या आधी नुसता तंबोरा वाजत होता. नाना, जवारीचा तो बारीक झंकार, चारही तारा वेगळ्या, आणि त्यांच्यावर तरंगणारा, कोणीही न छेडलेला गंधार. मी पंधरा वर्षं पेट्या लावत होतो, पण तो इतका उघडा कधी ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तू समोर बसला होतास. एकदाही म्हणाला नाहीस, दे, मला ऐकू दे. कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. त्या अर्ध्या तासाचे उपकार मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर हा कागद लिहायला सोपा गेला असता.

सहा महिन्यांनी मीच दोरी लांब करून मागितली. मला पेटी समोर घेऊन ऐकायचं होतं, आणि दोरी तिथवर पोचत नव्हती. तू जुनी कापडी दोरी कापून टाकलीस आणि बल्बची लांब पिळाची वायर लावलीस, दोन्ही तारा एकाच रंगाच्या. जुन्या दोरीतल्या एका तारेत लाल धागा होता. तो कशासाठी होता हे मी विचारलं नाही. तू तो केराबरोबर बाहेर टाकलास.

त्यानंतर काय झालं ते इतकं हळू झालं की झालं असं वाटलंच नाही. आवाज एकदम बसला नाही. एका पावसाळ्यात मला वाटलं, झंकार जरा मळला आहे. पुढच्या उन्हाळ्यात चार तारा तीन वाटू लागल्या. तुला दाखवलं. तू यंत्र दुकानात नेलंस, वाल्व बदललास, बटण शेवटपर्यंत फिरवून ऐकलंस आणि म्हणालास, "माले तं बराबर ऐकू येस." पुन्हा सहा महिन्यांनी तेच. दुसऱ्या वर्षी तू यंत्राकडे बघितलंच नाहीस, माझ्याकडे बघितलंस.

"गजा, रागावू नको. तुना कान थकी ग्यात. आख्खा जलम पट्ट्या घासामा गया, वरतीन हाई मिल. बारीक सूर पहिले जातस."

तू हे फार मायेने म्हणालास, ते मला आठवतं. कोणी दूरचा म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. बायको म्हणाली, सिव्हिलमध्ये जाऊन कान दाखवा. मी तिलाच ऐकवलं की नानाहून मोठा कानाचा डॉक्टर जिल्ह्यात दुसरा कोण आहे. माणसांचं बोलणं मला आधीसारखंच ऐकू यायचं. पण बारीक सूर पहिले जातात असं तूच सांगितलं होतंस, म्हणून त्याचाही अर्थ मी तुझ्या बाजूने लावला. माझी चूक एवढी आहे, आणि ती लहान नाही.

पेटी लावणाऱ्याच्या मनात कानाबद्दल शंका आली की तो संपला. पितळेची पट्टी टोकाला घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. एक हात जास्त पडला की मागे फिरता येतं, पण पट्टी दर वेळी पातळ होत जाते. आधी मी दोन हातांत थांबायचो. मग चारदा, मग दहादा. बरोबर लागलेला सूर मला चुकीचा वाटायचा, कारण माझे कान गेले होते ना. भडगावच्या एका शाळेची पेटी मी तीन दिवस घासत बसलो आणि मधल्या सप्तकातली पंचमाची पट्टी माझ्या हातात तुटली. हेडमास्तर चांगला माणूस. पेटी झाकून घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही.

मी काम सोडायचं ठरवलं त्या दिवशी यंत्र आणि हेडफोन तुझ्या टेबलावर आणून ठेवले. म्हटलं, ठेव तू, मला आता याचा काय उपयोग. तू नको म्हणाला नाहीस. नंतर माझी हत्यारं विकत घ्यायला धुळ्याचा एक तरुण पेटीवाला आला. तू ओट्यावर बसला होतास, पाय खाली सोडून, चहाची बशी हातात. तो पट्ट्या घासायच्या माझ्या कानशी एकेक उचलून बघत होता, आणि तू एकाएकी म्हणालास, "एक कानस तरी ठेव ना घरमा."

मी हसलो. म्हटलं, बहिऱ्याने कानस ठेवून काय करायचं, पाठ खाजवायची का. धुळ्याचा तो मुलगाही हसला. तू हसला नाहीस. तू बशीतला चहा परत कपात ओतलास. मला वाटलं, मित्राला वाईट वाटतंय.

मग मी केळीवाल्या शेतकऱ्यांच्या गटात कारकुनीला लागलो. रावेर-सावद्याकडची केळी वॅगनमध्ये चढतात, त्यांची मोजदाद मी लिहायचो. चार वर्षं तेच केलं. वाईट काम नव्हतं, फक्त माझं नव्हतं. तू दर रविवारी यायचास, शेवेची पुडी घेऊन. न सांगता माझ्या रेडिओला नवा स्पीकर बसवलास. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या लाउडस्पीकरमागे दिवसभर उन्हात उभा राहिलास. मी लोकांना सांगायचो, माणूस असावा तर असा. आता त्या प्रत्येक रविवारचा मला संशय येतो, आणि खरं सांगू, या संशयाचा राग मला त्या चुकीहून जास्त येतो. तू माझी शेवसुद्धा नासवलीस.

शेवटी तुला सिव्हिलमध्ये ठेवलं, तेव्हा मी रोज दुपारी यायचो. चौथ्या दिवशी तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "गजा, तू..." आणि थांबलास. मी म्हटलं, बोल. तू पाणी मागितलंस. मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, दमला.

तुझ्या दहाव्याला मी तुमच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसलो होतो. बाकीचे पुरुष नदीवरून यायचे होते. आत स्वयंपाकघरात वहिनी आणि त्यांची चोपड्याची बहीण भाजी निवडत होत्या, अगदी दबक्या आवाजात बोलत. मी पुढे निघून आलो हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी दार लोटून घेतलं नव्हतं.

"भाऊस्ना कान बराबर शेतस," वहिनी म्हणत होत्या. "ह्यास्नीच चूक व्हती. तार उलटी लागनी, मझारनं चुंबक मरी गया. भाऊ यंत्र परत करी ग्यात तवय ह्यास्नी खोलीसन दखं. माले दवाखानामा सांगं. म्हने, गजाले सांगू नको."

"मंग तवयच काब्र नही सांगं?" बहिणीने विचारलं.

"कोन तोंडवरी सांगतीन," वहिनी म्हणाल्या. "त्यास्नी तं धंदा सोडी टाका व्हता."

नाना, मध्ये भिंत होती. बाहेर रस्त्यावर टांगा चालला होता. आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला, मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाजसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडून ते यंत्र मागून घेतलं. आठवण म्हणून, असं म्हटलं. हेडफोनचं झाकण फिरवलं आणि हेडफोन जरासा कलला, तशी चकती आपोआप घरंगळून माझ्या तळहातावर पडली. नखाची गरजच नव्हती. दोन्ही बाजूंना तेच. तुझ्या दुकानाच्या फळीवर धुळ्याहून आणलेला दुसरा हेडफोन तसाच होता, तोही उघडला. त्याची चकती चाकूने उचकटावी लागली. वर्षानुवर्षं रोज सकाळी मी कानाला लावून बसायचो, आणि रोज सकाळी तुझ्या वाल्वची वीज उलट्या बाजूने जाऊन ते चुंबक थोडं थोडं मारत होती. मध्ये एक ट्रान्सफॉर्मर असता तर तार कशीही लागली असती तरी बिघडलं नसतं. धुळ्याच्या माणसाने हेच सांगितलं होतं. लाल धाग्याची बाजूही तेवढ्यासाठीच होती.

तार उलटी लागली याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या हातून पट्टी तुटली, तुझ्या हातून चुंबक मेलं, कारागिराच्या हातून होतं. पण धुळ्याचा तो मुलगा माझ्या कानशी पिशवीत भरत होता तेव्हा तुला माहीत होतं. तेव्हा माझी हत्यारं माझ्या घरात होती, तो अजून उंबऱ्याच्या आत होता. तू तोंड उघडून एवढंच म्हणायला हवं होतंस की थांब गजा, माझं चुकलं. मी तुला शिव्या दिल्या असत्या. आठ दिवस बोललो नसतो. नवव्या दिवशी तुझ्या दुकानात येऊन चहा मागितला असता, आणि संध्याकाळी पेटी उघडून बसलो असतो. तू मला इतकंही ओळखलं नव्हतंस का? की ओळखलं होतंस, आणि जळगावात नानाचं चुकलं हे कुणी म्हणू नये, तेवढ्यासाठी माझे कान गेलेले बरे वाटले? याचं उत्तर तू पाण्याच्या दोन घोटांबरोबर गिळून टाकलंस. मला ते आता कुठेच मिळणार नाही.

आणि तरी मला तुझी आठवण येते. कालचा रविवार मी दाराकडे बघत काढला. या गोष्टीची मला लाज वाटते.

तेराव्याला तुमच्याकडे दुपारी भजन होतं. गल्लीतलं मंडळ आलं, त्यांची पेटी माझ्या ओळखीची होती, पूर्वी मीच लावायचो. आता ती धुळ्याच्या त्याच मुलाकडे जाते. पहिल्याच अभंगाला मला कळलं की मधला पंचम उतरला आहे. केसभर, पण उतरला आहे, आणि षड्जाबरोबर धरला की त्यात एक हळू लाट उठते. तार सप्तकातला निषाद चढा. भाता गळका. दीड तास मी ती लाट मोजत बसलो. सगळ्यांनी डोळे मिटले होते, म्हणून मीही मिटले. चार वर्षांनी मी एखादी पेटी ऐकत होतो, आणि ती तुझ्या फोटोसमोर वाजत होती.

लोक पांगल्यावर वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. समोर उभ्या राहिल्या, गेल्या नाहीत. गेल्या दोन-तीन दिवसांत त्या माझ्या तोंडाकडे जरा जास्त बघू लागल्या आहेत, कदाचित यंत्र मागितल्यापासून.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पेटी बराबर वाजनी ना?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. त्यांचे हात तांब्यावर घट्ट होते. होय-नाहीपैकी काहीही म्हटलं असतं तरी त्या तिथेच खाली बसून सगळं बोलून मोकळ्या झाल्या असत्या, आणि मग उरलेला जन्म त्यांनी तुझ्या फोटोला हार घालताना माझ्याकडे बघायचं टाळलं असतं.

"मला काय समजतंय वहिनी," मी म्हटलं. "माझे कान कधीच गेलेत."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. मी पाणी प्यालो, पायताण घातलं आणि घरी आलो.